जेट लढाऊ ड्रोन किती पाण्यात आहे, हे जोखायचं कसं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१७ ऑक्टोबर २०२५ ला ओझरला, हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या (एचएएल) नाशिकजवळच्या कारखान्यात, तेजस मार्क-१ए या लढाऊ विमानाच्या तिसऱ्या उत्पादन साखळीचं उद्घाटन झालं आणि नाशिकला जुळलेलं पहिलं तेजस सगळ्यांच्या डोळ्यांदेखत उडालं. तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या मुलांचे प्रश्न दुपटीने वाढलेत. माझी नोकरी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या मशीन शॉपमध्ये, विमानांचे सुटे भाग तासण्यात गेली. आता शनिवारी संध्याकाळी अभियांत्रिकीची पोरं घरी जमतात. त्यांचा एकच हट्ट असतो: "काका, हा अमुक ड्रोन खरंच एवढा भारी आहे का?" कधी त्यांचे आई-वडीलही विचारतात. तेच प्रश्न इथे उतरवले आहेत.

उत्तरं वाचण्याआधी एक सवय लावून घ्या. कुठलाही आकडा समोर आला की त्याची अट विचारा. वेग सांगितला तर किती उंचीवरचा? पल्ला सांगितला तर किती वजन घेऊन? एवढं विचारलंत तरी अर्धं काम झालं.

जेट लढाऊ ड्रोन म्हणजे नेमकं काय? आमच्या द्राक्षबागेवर फवारणी करतो, त्यातलाच प्रकार का?

नाही. निफाड-दिंडोरीच्या बागांवर फिरतो तो बॅटरीवरचा, दहा-पंधरा मिनिटांत खाली येणारा. जेट लढाऊ ड्रोन हे पंख असलेलं पुरतं विमानच असतं, फक्त आत वैमानिक नसतो. त्यातही जाती आहेत. आपला 'लक्ष्य' हा सरावासाठी निशाणा म्हणून उडवला जातो. तो रॉकेटच्या धक्क्याने सुटतो आणि पॅराशूटने उतरतो. इराणच्या शाहेदच्या जेट आवृत्तीसारखे काही ड्रोन परत येण्यासाठी बनवलेलेच नसतात. ऑस्ट्रेलियात बोइंगने बनवलेला घोस्ट बॅट किंवा आपला कॅट्स वॉरियर हे लढाऊ विमानाच्या जोडीने उडायचे साथीदार. आणि रशियाचा ओखोत्निक, आपला नियोजित घातक हे शेपूट नसलेले, नुसत्या पंखाच्या आकाराचे, खोलवर जाऊन मारा करण्यासाठी. यातल्या एका जातीचं माप दुसरीला लावलं की सगळा हिशोब चुकतो. 'लक्ष्य'ला बॉम्ब का लावत नाहीत, असं विचारण्यात अर्थ नाही.

पंख्याचे (प्रोपेलरचे) ड्रोन चोवीस तास उडतात. मग जेट कशासाठी?

वेगासाठी, आणि वेगाबरोबर येणाऱ्या जगण्याच्या संधीसाठी. अमेरिकेचा एमक्यू-९ हा पंख्याचा ड्रोन २७ तासांपर्यंत हवेत राहू शकतो, पण तो संथ आहे. येमेनमध्ये हुथी बंडखोरांनी असे बरेच पाडले. नाशिकहून मुंबई सरळ रेषेत दीडशे किलोमीटरच्या आतबाहेर. ताशी ३०० किलोमीटरने जाणाऱ्याला अर्धा तास लागेल, ७५० ने जाणाऱ्याला १२ मिनिटं. विमानविरोधी तोफखान्याला मिळणारा वेळही त्याच प्रमाणात घटतो.

पण जेट आहे म्हणजे वेगवान आणि कमी वेळ उडणारा, असंही सरसकट धरू नका. अमेरिकेच्या ग्लोबल हॉक या टेहळणी ड्रोनलाही जेट इंजिनच आहे, तरी तो तीस तासांहून जास्त उडतो. कारण त्याचे पंख लांबलचक, निमुळते आहेत आणि तो उंचावरून शांतपणे फिरतो. इराणने २० जून २०१९ ला असाच एक पाडला. म्हणजे साठ हजार फुटांची उंचीसुद्धा ढाल ठरत नाही.

इंधनाचं एवढं काय कौतुक? टाकी मोठी करायची, झालं!

हा प्रश्न विचारणाऱ्या तिघांना मी एकदा दिंडोरी रस्त्याला एका मित्राच्या मोकळ्या वावरात घेऊन गेलो. आमच्याकडे मॉडेल विमानात बसवतात तसं छोटं जेट इंजिन होतं, थर्मासएवढं, साधारण १० किलो रेटा (पुढे ढकलणारा जोर) देणारं. ते लोखंडी चौकटीवर घट्ट आवळलं, मागे मोकळी जागा ठेवली, कानांत बोळे घातले. शेजारी खुणा केलेल्या पारदर्शक बाटलीत एक लिटर रॉकेल. पूर्ण जोर दिला तसा इंजिनाचा आवाज शिट्टीसारखा चढत गेला आणि बाटलीतली पातळी बघता बघता खाली सरकू लागली. अडीच मिनिटांत बाटली रिकामी. पोरांपैकी एकजण बाटलीकडेच पाहत राहिला, इंजिन थंड झाल्यावरसुद्धा. त्यानंतर त्याने टाकीची गोष्ट काढली नाही.

आता हेच मोठ्या ड्रोनला लावून पाहू. आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत, कुठल्या खऱ्या ड्रोनचे नाहीत. भरलेलं वजन ३,००० किलो. हवेचा अडथळा वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढा, म्हणजे सरळ उडायला ३०० किलो रेटा हवा. साध्या छोट्या जेटला एक किलो रेटा तासभर टिकवायला एक किलोच्या आसपास इंधन लागतं. म्हणजे तासाला ३०० किलो. टाकीत ९०० किलो असेल तर तीन तास. वेग ताशी ७५० किलोमीटर धरला तर पत्रकावर छापायला आकडा तयार: पल्ला २,२५० किलोमीटर.

पण उड्डाण, चढण आणि परतीची शिल्लक यासाठी २०० किलो बाजूला ठेवा. लक्ष्यावर अर्धा तास घिरट्या घातल्या तर आणखी १५० गेले. उरले ५५०. त्यात जाणं-येणं मिळून साधारण १,३७५ किलोमीटर, म्हणजे एका बाजूने सातशेही नाही. आता २०० किलोचा बॉम्ब लावायचा आणि भरलेलं वजन तेवढंच ठेवायचं तर इंधन तेवढं कमी घ्यावं लागेल. एका बाजूचं अंतर सव्वाचारशे-साडेचारशेवर येतं. बॉम्ब पंखाखाली उघडा टांगला तर अडथळा वाढून त्याहूनही कमी.

आणि टाकी मोठी केली तर? वजन वाढतं, ते पेलायला पंख मोठे, पंख मोठे म्हणून इंजिन मोठं, आणि मोठं इंजिन आणखी पितं. म्हणून ज्या पत्रकात सर्वांत लांब पल्ला, सर्वांत जास्त शस्त्रं आणि सर्वांत जास्त वेळ एकाच ओळीत दिलेले असतात, तिथे समजायचं की हे तीन वेगवेगळ्या उड्डाणांचे आकडे आहेत. घोस्ट बॅटचा ३,७०० किलोमीटर हा आकडाही एकूण अंतराचा आहे, जाऊन लढून परत येण्याचा नव्हे.

आत माणूस नाही, मग तो वीस-वीस जी ची वळणं घेऊ शकेल ना?

माणसाच्या शरीराची मर्यादा जाते, लोखंडाची आणि इंजिनाची जात नाही. जी म्हणजे वळताना वजन किती पट भासतं त्याचं माप; नऊ जी म्हणजे ३,००० किलोच्या ड्रोनच्या पंखांवर २७ टनांचा भार. वीस जी साठी पंखाचा सांधा, कणा, खिळे सगळंच जाड करावं लागेल, आणि वाढलेल्या वजनाची किंमत वरच्या हिशोबात इंधनातून मोजावी लागेल.

सेकंदाला २५० मीटर वेगाने जाताना ४ जी च्या वळणाची त्रिज्या साधारण १,६५० मीटर येते, ९ जी ला ७१० मीटर. फरक मोठा आहे हे खरं. पण कडक वळणात हवेचा अडथळा प्रचंड वाढतो. इंजिनात तेवढा जोर शिल्लक नसेल तर अर्ध्या वळणातच वेग गळून जातो आणि ड्रोन आयता निशाणा बनतो. आज उडणाऱ्या बहुतेक साथीदार ड्रोनना आफ्टरबर्नर (मागच्या झोतात जादा इंधन जाळून जोर वाढवणारी सोय) नाही. म्हणून 'कमाल जी' हा आकडा मी फारसा मोजत नाही. ड्रोन वेग न गमावता किती जी टिकवू शकतो, हे विचारा. तो आकडा क्वचितच छापलेला असतो.

'रडारला दिसत नाही' म्हणतात, ते खरं का?

उशिरा दिसतो, असं म्हणा. रडारचं गणित चौथ्या मुळाचं आहे. ड्रोनचा रडारवरचा ठसा दहापट लहान केला तरी रडारचा टप्पा निम्म्याच्या जरा वरच राहतो. पूर्वी २०० किलोमीटरवर दिसणारा आता सुमारे ११२ वर दिसेल. टप्पा दहाव्या हिश्शावर आणायचा तर ठसा दहा हजारपट लहान करावा लागतो. म्हणून तर शेपूट काढून टाकतात, हवा आत घेणारा बोगदा नागमोडी करतात म्हणजे इंजिनाची पाती समोरून दिसू नयेत, शस्त्रं पोटात लपवतात. पोटात जागा थोडी, म्हणून शस्त्रंही थोडी.

शिवाय लपणं हे समोरून जास्त आणि बाजूने-मागून कमी असतं. लांब लहरींचं रडार अशा आकारांना फारसं फसत नाही. आणि गरम धुराचा झोत उष्णता टिपणाऱ्या डोळ्याला दिसतोच. इथेही आकड्याची अट विचारायची: कुठल्या बाजूने, कुठल्या रडारला?

संपर्क तुटला तर काय होतं?

माझ्या मते लढाऊ ड्रोनची खरी परीक्षा इथे होते. इंजिन, वेग, शस्त्रं या गोष्टी पैसा आणि वेळ ओतला की सुधारतात. शत्रू समोर बसून कान बंद करत असताना यंत्राने शहाणं राहणं, हे त्याहून कितीतरी अवघड आहे.

पहिली अडचण पृथ्वीच्या गोलाईची. रेडिओचा सरळ टप्पा काढायला सोपा हिशोब आहे: उंचीच्या मीटरचं वर्गमूळ काढा, त्याला ४.१ ने गुणा, आलं किलोमीटरमध्ये अंतर. जमिनीवरचा अँटेना आणि ड्रोन, दोघांचं काढून बेरीज करायची. अँटेना १० मीटर उंच आणि ड्रोन १०,००० मीटरवर असेल तर सव्वाचारशे किलोमीटर. तोच ड्रोन रडार चुकवायला १०० मीटरवर आला की चोपन्न. मध्ये सह्याद्री उभा असेल तर तेवढंही नाही. कसारा घाटात रेल्वेत बोलताना फोन कट होतो, तेच इथे. म्हणजे खाली लपावं तर संपर्क जातो, वर राहावं तर दिसतो.

मग उपग्रहावरून बोलावं. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटरवर. सिग्नल वर जाऊन खाली यायला पाव सेकंद, आणि उत्तर परत मिळायला मिळून अर्धा सेकंद. घिरट्या घालायला हे चालतं, समोरासमोरच्या हवाई झुंजीत नाही. म्हणून अशा ड्रोनला शेजारच्या विमानातून सूचना देणं किंवा बरंचसं त्याच्यावरच सोपवणं, हेच दोन मार्ग उरतात.

त्यात जीपीएस जाम केलं तर? आतली जडत्व यंत्रणा (विमानाच्या हालचाली मोजून जागा काढणारी) वाट सांगत राहते, पण विमानात वापरतात त्या दर्जाचीसुद्धा तासाला पावणेदोन-दोन किलोमीटर सरकू शकते. एवढी चूक घरी परतायला चालेल, निशाणा साधायला नाही. त्यासाठी कॅमेऱ्याने खालची जमीन ओळखणं असे वेगळे डोळे हवेत.

हे कागदी भय नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये युक्रेनच्या कोस्त्यांतिनिव्काजवळ ओखोत्निक ड्रोन हाताबाहेर गेला आणि रशियाच्याच लढाऊ विमानाने तो पाडला. अवशेष युक्रेनच्या हाती लागले. त्याआधी डिसेंबर २०११ मध्ये अमेरिकेचा आरक्यू-१७० इराणच्या ताब्यात गेला होता. म्हणून नवा ड्रोन आला की मी पहिला प्रश्न हाच विचारतो: ऐकू येईनासं झालं की हा काय करतो? घरी फिरतो, जागीच घिरट्या घालतो, काम पुरं करतो, की स्वतःला नष्ट करतो?

नाशिकच्या उन्हाचा परिणाम होतो का?

होतो, आणि हा प्रश्न एका नववीतल्या मुलीने विचारला याचा मला फार आनंद झाला. आपण समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहोत. मे महिन्यात पारा ४० वर गेला की इथली हवा प्रमाण हवेपेक्षा (समुद्रसपाटीवरच्या १५ अंशांच्या हवेपेक्षा) सुमारे १४ टक्के विरळ होते. उचल कमी, म्हणून जास्त वेगाने धावावं लागतं. इंजिनाचा रेटाही कमी, म्हणून तो वेग यायला धावपट्टी जास्त लागते. राजस्थानात हेच, आणि लेहला तर विचारूच नका. थंड हवेत, समुद्राकाठी मोजलेला आकडा आपल्याकडे जसाच्या तसा लागू होत नाही.

हे ड्रोन स्वस्त असतात म्हणे. मग गेला एखादा तर काय बिघडलं?

वैमानिकासह जाणाऱ्या लढाऊ विमानापेक्षा स्वस्त, हे खरं. स्वस्ताई येते कुठून? आसन, प्राणवायू, सुटकेची यंत्रणा लागत नाही. इंजिन हजारो तास टिकेल असं बनवावं लागत नाही. पण रडार, चांगला कॅमेरा आणि सुरक्षित संपर्कयंत्रणा घातली की किंमत पुन्हा चढते. 'गमावला तरी परवडेल' असं म्हणत बनवायला घेतलेला ड्रोन सामग्री वाढता वाढता गमावायला जीव धजू नये इतका महाग होतो.

आणि सुटे भाग स्वस्तात बनवणं म्हणजे काय, हे अंबडमध्ये काम केलेल्याला विचारा. एका कंत्राटात आमची एक अख्खी खेप परत आली होती. एका भोकाच्या कडेला, नखानेच जाणवेल इतकी बारीक कोर राहिली होती. तिथूनच तडा सुरू होतो. साहेबांनी प्रत्येक नग आमच्या हातात दिला आणि नख फिरवायला लावलं. विमानात माणूस नसला तरी ती कोर चालत नाही, कारण खाली माणसं असतातच.

व्हिडिओ बघून ड्रोनची लायकी कशी ओळखायची?

पायऱ्या मोजा. आधी नमुना प्रदर्शनात दिसतो. मग इंजिन जमिनीवर चालवतात. मग धावपट्टीवर नुसती धाव. मग पहिलं उड्डाण, बहुतेकदा चाकं खालीच ठेवून. पुढे चाकं आत घेणं, शस्त्र सोडणं, उडतं लक्ष्य पाडणं. प्रत्येक पायरीत महिने, कधी वर्षं जातात.

तुर्कस्तानचा किझिलएल्मा १४ डिसेंबर २०२२ ला पहिल्यांदा उडाला. त्याने क्षेपणास्त्राने जेट लक्ष्य पाडल्याची बातमी आली नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस. घोस्ट बॅट फेब्रुवारी २०२१ मध्ये उडाला आणि त्याची तशीच चाचणी डिसेंबर २०२५ मध्ये झाली. दोन्ही कामगिऱ्या मोठ्या आहेत. तरी लक्षात ठेवा, समोर होतं ते निशाण्याचं यंत्र. ते उलटून गोळी झाडत नाही, जॅमिंगही करत नाही.

अमेरिकेच्या एक्स-४७बी ने तर १० जुलै २०१३ ला चालत्या विमानवाहू जहाजावर आपणहून उतरून दाखवलं आणि २०१५ मध्ये हवेत इंधनही भरून घेतलं. तरीही तो सेवेत आला नाही. जमतं हे दाखवणं वेगळं आणि दलात रुजू होणं वेगळं.

भारत कुठे आहे? ओझरला असे ड्रोन बनतात का?

कॅट्स वॉरियरचं काम एचएएलच्या बंगळुरूच्या विभागाकडे आहे. त्याचा पूर्णाकृती नमुना २०२१ च्या एअरो इंडिया विमान प्रदर्शनात दिसला आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचं इंजिन जमिनीवर चालवलं गेलं. त्यात 'लक्ष्य'साठी बनवलेलं पीटीएई-७ जातीचं इंजिन जोडीने बसवलं आहे. 'घातक'च्या वाटेवरचा छोटा, शेपूट नसलेला नमुना डीआरडीओने १ जुलै २०२२ ला चित्रदुर्गच्या चाचणी केंद्रावरून उडवला. तो आपणहून उडाला आणि आपणहून उतरला. शेपूट नसलेलं विमान हवेत स्थिर ठेवायला संगणकाला क्षणाक्षणाला तोल सावरावा लागतो, त्यामुळे मला हे उड्डाण फार महत्त्वाचं वाटतं. मोठ्या 'घातक'साठी कावेरी इंजिनाचं आफ्टरबर्नर नसलेलं रूप योजलं आहे. कावेरीला मंजुरी मिळाली १९८९ मध्ये. इंजिन हाच आपला दुखरा भाग आहे.

ओझरला सध्या तेजस, एचटीटी-४० हे प्रशिक्षण विमान आणि सुखोई यांची कामं आहेत. साथीदार ड्रोन उडेल तो अशाच विमानांच्या जोडीने, त्यामुळे उद्या इथल्या हातांना त्यातलं काही काम मिळावं असं मला मनापासून वाटतं. पण आज 'ओझरला बनतो' म्हणणं खोटं होईल.

माझ्या मुलीला वैमानिक व्हायचंय. ड्रोन आल्यावर वैमानिक लागणार नाहीत का?

ताई, तिला तयारी करू द्या. नाशिकला मुलींसाठी शासनाची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे, एनडीएची दारं मुलींना उघडली आहेत. आज बनणारे बहुतेक जेट ड्रोन माणसाच्या विमानाचे साथीदार म्हणूनच योजलेले आहेत. समोर अनपेक्षित काही आलं तर ठरवायला कोणीतरी लागतं. ती उडवेल ते विमान आणि तिच्या दोन्ही बाजूंना असलेले ड्रोन, असं चित्र मला जास्त खरं वाटतं.

गोळी झाडायची की नाही, हे यंत्राने ठरवावं का?

नाही. उडणं, वाट काढणं, लक्ष्य शोधून दाखवणं हे यंत्राने करावं. समोरचा रणगाडा आहे की ट्रॅक्टर, आणि तो मारावा की नाही, याचं उत्तर देणारा माणूस असलाच पाहिजे, आणि नंतर त्याला जाब विचारता आला पाहिजे. शत्रूकडून आलेलं क्षेपणास्त्र पाडण्याइतक्या क्षणाच्या कामात यंत्राला मोकळीक द्यावी लागते, हे मला मान्य आहे. पण संपर्क तुटलेल्या ड्रोनने स्वतःच्या अंदाजाने माणसांवर मारा करावा, याला माझा ठाम विरोध आहे.

आम्ही बनवलेला छोटा ड्रोन ओझर किंवा देवळालीजवळ उडवू का?

आधी डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर जागा तपासा. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार लाल क्षेत्रात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही, पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रकाची परवानगी लागते. विमानतळ आणि लष्करी ठाण्यांच्या आसपास तर नकाशा पाहिल्याशिवाय पेटीच उघडू नका. हिरव्या क्षेत्रातलं एखादं मोकळं वावर शोधा, मालकाला विचारा, आणि शनिवारी येताना तुमचा इंधनाचा किंवा बॅटरीचा हिशोब वहीत मांडून आणा.